अपूचे काजवे : डीव्हीडी घ्यावी की ब्लू-रे?

सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी घरात ठेवायची तर डीव्हीडीचा संच घ्यावा की ब्लू-रेचा, असं एका कोर्समेटने परवा फोनवर विचारलं. तो नुकताच फील्डमधून पीसला आलाय, हातात थोडे पैसे आणि संध्याकाळी थोडा वेळ आहे. मी या प्रश्नावर स्वतः दोन महिने घालवले आहेत, त्यामुळे फोनवर पाच मिनिटांत उत्तर देणं जमलं नाही. म्हणून हा लेख.

आता सगळं मोबाइलवर दिसत असताना डिस्क विकत कोण घेतं, असं काहींना वाटेल. ज्यांनी सिग्नल नसलेल्या ठाण्यावर सहा-सहा महिने काढलेत त्यांना हे वाटणार नाही. बाकीच्यांनी थोडा दम धरावा.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘पथेर पांचाली’ १९५५ चा, ‘अपराजितो’ १९५६ चा आणि ‘अपूर संसार’ १९५९ चा. मूळ कथा विभूतिभूषण बंदोपाध्याय यांची, संगीत रविशंकरांचं. बंगालमधल्या एका खेड्यात गरीब ब्राह्मणाच्या घरी जन्मलेल्या अपूची ही गोष्ट. पहिल्या भागात त्याची बहीण दुर्गा जाते, दुसऱ्यात आधी वडील आणि मग आई, तिसऱ्यात बायको. असं सांगितलं की नुसती रडारड वाटते. तशी ती अजिबात नाही. घर सोडून निघालेल्या माणसाची गोष्ट आहे ती, आणि घर सोडून निघालेली माणसं आपल्या धंद्यात पुष्कळ आहेत.

माझ्याकडचा पहिला संच डीव्हीडीचा. कोलकात्याला असताना एका दुकानात घेतला. तेव्हा मी कॅप्टन होतो आणि खरं सांगायचं तर राय यांच्यापेक्षा दुकानदाराच्या आग्रहामुळे घेतला. सिनेमा म्हणजे खडकवासल्याच्या हबीबुल्ला हॉलमध्ये दिवे गेल्यावर मिळणारी अडीच तासांची झोप, एवढीच माझी पार्श्वभूमी. तो संच वर्षभर कव्हरातच पडून होता. मग उत्तर सिक्कीममध्ये चौदा हजार फुटांवरच्या एका ठाण्यावर गेलो आणि तिथे तो उघडला.

आधी एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण निर्णयात तिचा वाटा आहे. आमच्यातल्या काही जणांनी लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर शेकडो चित्रपट भरून आणले होते. त्या उंचीवर त्या हार्ड डिस्क एकामागून एक बंद पडल्या. कारण साधं आहे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारी सुई फिरणाऱ्या तबकडीवर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असते. हवा विरळ झाली की तो थर तिला पुरेसा उचलून धरत नाही आणि सुई तबकडीला घासते. म्हणूनच अशा बहुतेक डिस्कवर साधारण दहा हजार फुटांची मर्यादा दिलेली असते. डीव्हीडीला ही भानगड नाही. तिथे लेझरचा किरण दुरून वाचतो, हवा असली काय आणि नसली काय. त्यामुळे त्या हिवाळ्यात आमच्याकडे चालणारं मनोरंजन म्हणजे एक छोटा डीव्हीडी प्लेअर, त्याची स्लीपिंग बॅगमध्ये ऊब देऊन जपलेली बॅटरी आणि माझे हे तीन चित्रपट.

जनरेटर संध्याकाळी ठरावीक वेळच चाले. बुखारीभोवती आम्ही पाच-सहा जण बसत असू. इंग्रजी सबटायटल्स जवानांना वाचता येण्याइतका वेळ पडद्यावर टिकत नसत, म्हणून आमचा एक बंगाली हवालदार हिंदीत सांगत जाई. ‘अपराजितो’मध्ये अपूची आई सर्बजया आजारी आहे. मुलगा कोलकात्यात शिकतोय, तिने त्याला आजाराचं कळवलेलं नाही. संध्याकाळी ती झाडाखाली बसते, दूर गाडी जाते, मुलगा येत नाही. रात्री ती दारात उभी राहते आणि समोर अंधारात पांढरे ठिपके दिसतात. आमच्या डीव्हीडीवर संबंध चित्रपटभर पांढरे ठिपके होते, प्रिंट इतकी खराब होती. त्यामुळे हे ठिपके वेगळे कसे ओळखायचे? हवालदार म्हणाला, “साब, ये दाग नहीं है. जोनाकी है.” जोनाकी म्हणजे काजवे.

पुढे कुठेतरी वाचलं की ते काजवे खरे नव्हते. खऱ्या काजव्यांचा उजेड त्या वेळच्या फिल्मवर उमटेना, म्हणून राय यांनी काळे कपडे घातलेल्या माणसांच्या हातात टॉर्चचे बारीक बल्ब दिले आणि अंधारात नाचवले. म्हणजे एवढी खटपट करून केलेली जागा, आणि आमच्या तबकडीवर ती धुळीत मिसळून गेलेली. माझा डीव्हीडी-ब्लू-रेचा प्रश्न खरा तिथे सुरू झाला.

आता म्हैसूरला येतो. सध्या मी इथे एनसीसीत आहे, घर बन्नीमंटपात. दसऱ्याला राजवाड्यातून निघालेली जंबू सवारी सय्याजीराव रस्त्याने येऊन आमच्याकडेच संपते आणि रात्री मैदानावर मशालींची कवायत होते. बन्नी म्हणजे शमी. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रं ठेवली ते झाड. आपण सीमोल्लंघनाला जातो, आपट्याची पानं वाटतो, पण शमीच्या नावानं वसलेल्या वस्तीत राहायला लागल्यावर मी त्या कथेकडे क्वार्टरमास्टरच्या नजरेनं पाहायला लागलो. वर्षभर झाडावर ठेवलेलं सामान काढल्यावर चालण्याच्या अवस्थेत हवं. पांडवांचं चाललं. आपल्या ट्रंकांमधलं किती चालतं, हे प्रत्येक बदलीनंतर कळतंच.

गेल्या वर्षी आई साताऱ्याहून दसऱ्याला आली ती राहिली. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, आता तिला लांबचं स्वच्छ दिसतं. लेक बारावीत, म्हणजे जूनपासून ती घरात नसणार. माझी पुढची बदली फील्डची असणार हे सांगायला ज्योतिषी नको. तिघी-चौघं एका छताखाली असण्याचे हे शेवटचे काही महिने, आणि तेवढ्यात अमेरिकेतल्या धाकट्या भावाचा फोन आला, “दादा, डिसेंबरात येतोय. तुझ्या त्या अपूचे नवे संच आहेत, डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्ही. कुठला आणू?”

मी शोध घेतला तेव्हा कळलं की खरे पर्याय तीन आहेत : जुनी डीव्हीडी, नवी डीव्हीडी आणि नवी ब्लू-रे. आणि जुन्या-नव्यातलं अंतर हे डीव्हीडी-ब्लू-रेतल्या अंतरापेक्षा मोठं आहे. त्यामागची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

१९९२ साली राय यांना मानद ऑस्कर द्यायचं ठरलं, तेव्हा समारंभात दाखवायला त्यांच्या चित्रपटांचे चांगल्या अवस्थेतले तुकडे मिळेनात. त्याच एप्रिलमध्ये राय गेले. त्यांच्या चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी मूळ निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन लॅबोरेटरीत पाठवल्या गेल्या आणि १९९३ मध्ये त्या लॅबोरेटरीला आग लागली. अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या निगेटिव्ह जळाल्या. जे वितळलेलं, कडक झालेलं, राखेनं माखलेलं उरलं ते टाकून द्यायच्या लायकीचं होतं, पण अमेरिकेतल्या अकादमीच्या फिल्म अर्काइव्हने ते टाकलं नाही. डबे जपून ठेवले. वीस वर्षांनी क्रायटेरियन या कंपनीने ते काढले आणि इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत दिले. तिथल्या कारागिरांनी ती ठिसूळ झालेली फिल्म द्रावणात ठेवून मऊ केली, जळक्या कडा आणि तुटलेली भोकं हातानं पुन्हा बसवली, जुने डिंक-मेण काढलं. नुसतं हातकाम जवळजवळ हजार तासांचं. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हमधून परत मिळाला. ‘अपूर संसार’ची निगेटिव्ह कामाची राहिली नव्हती, तो दुसऱ्या चांगल्या प्रतींवरून केला. हे सगळं ४के स्कॅन करून २०१५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला दाखवलं आणि नोव्हेंबरात त्याचे संच निघाले.

आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. जखमी माणूस ‘गेला’ असं म्हणून सोडायचा नसतो, जिवंत असो वा नसो, त्याला मागे आणायचंच असतं. त्या अर्काइव्हमधल्या लोकांनी जळक्या डब्यांच्या बाबतीत तेच केलं.

आता डिस्कचा हिशोब. अमेरिकन डीव्हीडीवर चित्र ७२० गुणिले ४८० ठिपक्यांचं असतं, ब्लू-रेवर १९२० गुणिले १०८०. म्हणजे बरोबर सहा पट. पण अपूचे चित्रपट जुन्या, जवळजवळ चौकोनी आकाराचे, त्यामुळे ब्लू-रेच्या रुंद चौकटीत दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि प्रत्यक्ष फायदा सुमारे साडेचार पटच राहतो. तोही पडदा मोठा असेल आणि तुम्ही जवळ बसलात तर. माझ्या त्या सिक्कीमच्या छोट्या प्लेअरवर ब्लू-रे चालली असती तरी कोणाला फरक कळला नसता.

दुसरी गोष्ट वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. आपल्याकडे आणि युरोपात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुधा २५ नं पळवतात. माझा जुना संच तसा होता. १२५ मिनिटांचा ‘पथेर पांचाली’ त्यावर १२० मिनिटांत संपे आणि रविशंकरांची सतार मूळ सुरापेक्षा वर चढलेली ऐकू येई. ब्लू-रेवर २४ चे २४ च राहतात. ज्यांचे कान तयार आहेत त्यांना हे कारणसुद्धा पुरेसं आहे.

तिसरी गोष्ट उजेडाची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. सुब्रत मित्र यांनी ‘पथेर पांचाली’ चित्रित केला तेव्हा ते विशीतले होते आणि त्याआधी त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा चालवला नव्हता. ‘अपराजितो’मधलं बनारसचं घर स्टुडिओत उभारलेलं होतं. अंगणात वरून येणारा मंद उजेड दाखवायला त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे थेट माणसांवर न सोडता त्या कापडावर सोडून परतवले. त्यामुळे तिथल्या सावल्यांना काठ नाहीत. काळा आणि पांढरा यांच्यामध्ये करड्या रंगाच्या कितीतरी पायऱ्या आहेत. कमी जागेत दाबून बसवलेल्या डीव्हीडीवर या पायऱ्या एकमेकींत मिसळतात, अंधार नुसता डांबरासारखा होतो. डीव्हीडीची दुथरी तबकडी साडेआठ जीबीची, ब्लू-रेची पन्नासची. अंधाराला जागा लागते, असं म्हणायला हरकत नाही.

एवढं वाचून कोणीही ब्लू-रेच घेईल. पण थांबा, रीजनची भानगड आहे. डीव्हीडीच्या जगात अमेरिका रीजन १ आणि भारत रीजन ५. ब्लू-रेच्या जगात अमेरिका ‘ए’ आणि भारत ‘सी’. आपल्याकडचे पुष्कळसे डीव्हीडी प्लेअर कुठल्याही देशाची तबकडी निमूट वाचतात, किंवा रिमोटवर चार आकडे दाबले की वाचायला लागतात. ब्लू-रे प्लेअर तसे दयाळू नाहीत. अमेरिकन संच इथल्या साध्या प्लेअरमध्ये घातला की चुकीचा देश असल्याची पाटी येते आणि काम संपलं. अमेरिकेतून प्लेअर आणावा, तर तो बऱ्याचदा नुसत्या ११० व्होल्टचा. लॅपटॉपला ब्लू-रेचा ड्राइव्ह लावावा, तर डिस्कवरचं कुलूप उघडणारं सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यावं लागतं. शेवटी सर्व रीजन वाचणारा एक प्लेअर बंगळुरूहून मिळवला. संचापेक्षा प्लेअर महाग पडला. सौ.चं म्हणणं, “घोड्यापेक्षा खोगीर महाग.” ते मला खोडता आलं नाही.

तर डिसेंबरात भावानं ब्लू-रेचा संच आणला आणि नाताळच्या सुट्टीत आम्ही तीन रात्री तीन चित्रपट पाहिले. सबटायटल्स ब्लू-रेवरही इंग्रजीच. मराठी कुठल्याच संचात नाहीत. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून लेक तिच्या शेजारी बसून मराठीत सांगत होती. पहिल्या रात्री अर्ध्या तासानं आई तिला म्हणाली, “तू गप बस गं, मला कळतंय.” म्हातारी इंदिर ठाकरुण फाटकं पांघरूण दाखवून नवं मागते, सर्बजया तोंड फिरवते, पोरगी पेरू चोरून आणून म्हातारीला देते, हे समजायला भाषा कशाला लागते?

दुसऱ्या रात्री ‘अपराजितो’. अपू सुट्टी संपवून कोलकात्याला निघतो, स्टेशनवर जातो, गाडी येते, आणि तो चढत नाही. परत घरी येऊन आईला सांगतो, गाडी चुकली. एक दिवस जास्त. माझी लेक हसली. आई हसली नाही. म्हणाली, “तुमच्यात नाही चालत असं.” खरं आहे. आमच्यात गाडी चुकत नाही, चुकली तर त्याला वेगळं नाव आणि वेगळं कलम आहे.

मग ती रात्र आली. सर्बजया दारात उभी. या वेळी अंधार डांबरी नव्हता. तळ्याकाठचं झाड वेगळं, पाणी वेगळं, आणि त्यावर काजवे एकेक मोजता येतील असे, विझत, पेटत, सरकत. पडद्यावर दुसरा एकही डाग नाही. लेकीनं “काजवे!” म्हटलं, त्याआधीच आईनं ओळखले होते. ती सर्बजयेकडे पाहत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, “असलं काही पत्रात लिहीत नसतात.”

मी विचारलं, “काय असलं?”

“आजारपण. तू काश्मिरात होतास तेव्हा मला दोनदा दवाखान्यात ठेवलं होतं. तुझ्या बाबांना सांगून ठेवलं होतं, त्याला कळवायचं नाही. तिथं बसून तू काय करणार होतास?” आणि लगेच, “पुढचं लाव.”

इतक्या वर्षांनी मला हे कळलं. ती मुद्दाम कधी बोलली नसती. जुन्या डीव्हीडीवर पाहिलं असतं तरी बोलली असती का, सांगता येत नाही. पण एक मात्र नक्की, त्या रात्री तिच्या आणि त्या बाईच्या मध्ये काही नव्हतं. खरकटी प्रिंट नाही, धूसरपणा नाही, शेवटी शेवटी भाषाही नाही. चांगली आवृत्ती घ्यायची ती एवढ्यासाठी. आपला टीव्ही किती ठिपक्यांचा आहे हे पाहुण्यांना दाखवण्यासाठी नाही.

हे सगळं अपूच्या नशिबी आलं कारण जळलं तरी कोणीतरी डबे ठेवले. आपल्या ‘प्रभात’चं काय? ‘संत तुकाराम’ १९३६ चा, व्हेनिसला नावाजलेला. ‘संत ज्ञानेश्वर’, ‘संत सखू’ त्याच दामले-फत्तेलाल जोडीचे. पुण्यात ज्या आवारात हे चित्रपट बनले, त्याच आवारातल्या गोदामाला जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळाल्या. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की विझत नाही, ती स्वतःच्या ज्वलनाला लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवते. ‘तुकाराम’ दुसऱ्या प्रतींमुळे वाचला, आपण तो पाहू शकतो, आणि मी तो डीव्हीडीवरच पाहतो. मिळेल तशा प्रतीचा, पण पाहतो. कोणी चांगली आवृत्ती काढेल तोवर न पाहता थांबणं, हे मला नव्या बुटांसाठी कूच थांबवण्यासारखं वाटतं.

तर माझ्या कोर्समेटला, आणि ज्यांना हा प्रश्न पडेल त्यांना, तीन प्रश्न विचारायला सांगतो. तबकडी कशावरून केली आहे? मूळ निगेटिव्हवरून नीट दुरुस्त केलेली डीव्हीडी ही खराब प्रतीवरून काढलेल्या ब्लू-रेपेक्षा केव्हाही बरी. कुठे लावणार आहात? मोठा पडदा आणि वर्षभर हलणार नाही असं घर असेल तर ब्लू-रे, नाहीतर पैसे वाया. आणि कोणाबरोबर पाहणार आहात? एकट्यानं पाहायचं तर चालून जातं, पण घरातली म्हातारी माणसं समोर बसणार असतील तर कंजुषी करू नका.

जपणुकीचं दोन ओळींत. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. दमट ठाण्यावर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुसताना मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. डीव्हीडीची माहिती प्लास्टिकच्या दोन थरांच्या मध्ये असते, ब्लू-रेची पृष्ठभागापासून जेमतेम एक दशांश मिलिमीटरवर. वर कठीण लेप असतो म्हणून ती ओरखडे सोसते, पण तो लेप फाडणारा खोल ओरखडा पडला की वाचायला काही उरत नाही.

माझा निर्णय असा : ब्लू-रेचा संच आणि तो महागडा प्लेअर साताऱ्याला आईकडे जाणार. लेक हॉस्टेलवरून सुट्टीला तिथे जाईल तेव्हा दोघी लावतील. जुनी डीव्हीडी, तिच्या सगळ्या डागांसकट, माझ्या सामानात लोकरी मोज्यांच्या शेजारी. पुढचं ठाणं कुठलं ते अजून कळायचंय. पण कुठलंही असलं तरी तिथे एखादा बंगाली जवान असेलच, आणि डाग कुठले अन् काजवे कुठले, हे तो सांगेल.